ऊडनाडाटा ट्रॅक

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातील कच्चा रस्ता. लांबी सु. ६२० किमी. आग्नेयेस मारी, वायव्येस मार्ला. वाटेत गाव म्हणावे अशी विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा ही दोनच ठिकाणे, आणि पहिल्याला गाव म्हणणे हाही उदारपणाच. ऑस्ट्रेलियात याहून अवघड मार्ग पुष्कळ आहेत. पण मुक्काम करत, रमतगमत जायला आउटबॅकमध्ये याच्या तोडीचा रस्ता विरळा.

नकाशावर त्याची वळणे विनाकारण वाटतात. खरे तर हा रस्ता पाण्याच्या मागाने गेला आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन या प्रचंड भूजलसाठ्याचे पाणी त्याच्या नैर्ऋत्य कडेला दाबाखाली भेगांतून वर येते. त्यातील क्षार साचून झऱ्याभोवती उंचवटे बनतात. ब्लांश कप आणि बबलर हे त्यांतले प्रसिद्ध झरे. या झऱ्यांच्या रांगेनेच आदिवासींचे गेरूच्या व्यापाराचे मार्ग गेले होते. १८५९ पासून शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट याच रांगेच्या आधाराने उत्तरेकडे सरकला; १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारयंत्राची ओळ आणि तिच्यामागून आलेली रेल्वे यांनीही तीच वाट धरली, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागे. रेल्वे १८८४ मध्ये मारीला, १८९१ मध्ये ऊडनाडाटाला आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचली. रूळ जिथे संपत तिथून पुढे माल उंटांवर जाई. हे उंट बहुतांशी कराचीहून आले होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने या वाळवंटाच्या इतिहासाचा एक धागा मुंबई सरकारच्या बंदरापर्यंत येतो. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, मग ते बलुची असोत की पंजाबी. पुरात वारंवार वाहून जाणारा हा लोहमार्ग १९८० मध्ये बंद झाला. नवा मार्ग पश्चिमेकडून नेण्यात आला.

मुक्कामाच्या जागाही पाण्याशीच आहेत. कवर्ड स्प्रिंग्ज या जुन्या स्थानकाच्या आवारात खजुराची झाडे आहेत आणि कोमट पाण्यात डुंबता येते. नील्स नदीवरील अल्जेबकिना पूल (१८९२) ५७८ मी. लांब आहे, त्याच्याजवळच्या डोहाकाठी तंबू ठोकतात. कॅटी थांडा-लेक आयर या खाऱ्या सरोवराचा तळ समुद्रसपाटीखाली सु. १५ मी., म्हणजे देशातील सर्वांत खोल भूभाग. ते क्वचितच भरते. १९६४ मध्ये वेगाचे विक्रम करणाऱ्या डॉनल्ड कॅम्पबेलने त्याच्या कोरड्या पात्रात ताशी सु. ६४९ किमी. वेगाने मोटार हाकली. येथील मूळ रहिवासी असलेल्या अरबाना लोकांना हे सरोवर पवित्र आहे. प्रवाशांनी ते काठावरूनच पाहावे.

प्रवासाचा हंगाम मे ते सप्टेंबर. रात्री पारा शून्याजवळ जातो, त्यामुळे जाड अंथरूण लागते. उन्हाळ्यात जाण्याचा विचारही करू नये : ऊडनाडाटा येथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७° से. तापमान नोंदले गेले. इंधन मिळण्याच्या जागा एकमेकींपासून सु. २०० किमी. अंतरावर आहेत. पृष्ठभागावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. त्यांवर टायरातील हवा थोडी कमी ठेवतात. मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून उपग्रह फोन किंवा रेडिओ बाळगतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचे नाही, हा येथला पहिला नियम. संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात, कारण बराचसा भाग ॲना क्रीकसारख्या अवाढव्य गोपालन केंद्रांचा आहे आणि कुंपणे विरळ आहेत. पाऊस पडला की माती चिकट होते आणि रस्ता बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला मोठा दंड होतो, कारण ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर तशाच कडक राहतात. मार्ला येथे हा मार्ग डांबरी स्टुअर्ट महामार्गाला मिळतो. तेथून बरेच जण उलुरूकडे जातात.