विहिरीत उतरलेलं इंजिन

मोटेला बैलजोडी लागे, नाडा-सोंदूर लागे, धावेवर दिवसभर राबणारा माणूस लागे. डिझेल इंजिनाला यातलं काहीच नको होतं. टाकीत तेल आणि हॅंडल मारायला एक दणकट गडी, एवढ्यावर भागत होतं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कसोटीला उतरलं. महाराष्ट्रात ते बनू लागलं 1930च्या दशकात, साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात. 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात स्थापन झाली. विजेची तार न पोहोचलेल्या शिवारात या इंजिनानं बागायत फुलवली, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

अडचण पंपाची होती. पंप पाणी लांबवर ढकलतो, पण खालून ओढताना त्याची सगळी भिस्त हवेच्या दाबावर असते. हिशेबाने ही ओढ जेमतेम दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेलं की पंप कोरडा पडतो. मग विहिरीच्या आतच ओटा बांधायचा, नाहीतर तुळया टाकायच्या, आणि पंपासकट इंजिन खाली उतरवायचं. 1972च्या दुष्काळासारख्या वर्षी विहिरी तळाला जात, तेव्हा पिकं जगवायची तर पाण्यामागे खाली जाण्यावाचून गत्यंतर नसे.

इंजिनासोबत त्याचा धूरही खाली गेला.

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असतो. उघड्या रानात त्याचा त्रास जाणवतही नाही. विहिरीत मात्र वारा खेळत नाही. इंजिन आपलाच धूर पुन्हा आत ओढतं, प्राणवायू कमी पडतो, डिझेल अर्धवट जळतं आणि हा विषारी वायू वाढत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. इंजिन बंद करायला उतरलेला माणूस चक्कर येऊन कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. अशा अपघातांत एकाच विहिरीतून अनेक मृतदेह निघतात ते यामुळेच.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी, एवढं त्यातून कळतं. पण माणसाचा जीव घेण्याइतका कार्बन मोनॉक्साइड असतानाही ज्योत शांतपणे तेवत राहू शकते. ही रीत इंजिनाच्या धुरासाठी नव्हती, आणि तिच्यावर विसंबणं घातक ठरलं.

डिझेल हाताळण्याच्या सवयीही अशाच अंगवळणी पडल्या. बॅरलमधून तेल काढायचं तर नळी तोंडात धरून ओढायची. डिझेल पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घात करतं. पातळ असल्याने घोटभर जरी श्वासनलिकेत गेलं तरी आत पसरतं आणि न्यूमोनियासारखा दाह होतो. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं म्हणजे तेच डिझेल पुन्हा फुप्फुसाच्या वाटेवर आणणं. उलटी न करवता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यायचं असतं. ग्रीस काढायला डिझेलने हात धुण्याने कातडीतला स्निग्धपणा जातो, भेगा पडतात, इसब होतो. तेल काढायला हातपंप आणि हात धुवायला साबण, इतका साधा उपाय होता.

कायद्याची नजर मुख्यतः आगीवर होती. 1934चा पेट्रोलियम कायदा ज्वलनबिंदूवरून तेलाचे वर्ग ठरवतो. 23 ते 65 अंश सेल्सिअसमधलं तेल ‘ब’ वर्गात येतं, आणि एकूण साठा 2,500 लिटरपर्यंत व एकेक भांडं 1,000 लिटरपर्यंत असेल तर त्याला परवाना लागत नाही. शेतकऱ्याचं बॅरल त्यात सहज बसत होतं. धुराचा निवाडा फार उशिरा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 साली डिझेलचा धूर ‘बहुधा’ कर्करोगकारक मानला. त्यातला ‘बहुधा’ जायला जून 2012 उजाडलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आठ खाणींतल्या बारा हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जमिनीखाली डिझेल यंत्रांच्या धुरात राबलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

तोवर बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या. तरीही गाळ काढताना, विहीर खोल करताना इंजिन आजही खाली सोडलं जातं. पाण्यात बुडणारा विद्युत पंप खाली सोडून जनरेटर काठापासून दूर, वारा विहिरीकडून त्याच्याकडे वाहील अशा जागी ठेवला, तर उपसा तितकाच होतो आणि धूर वरच्या वर निघून जातो.