बर्फ न पडणाऱ्या देशातला ‘व्हाइट ख्रिसमस’

जमैकात बर्फ पडत नाही. तरीही १९६५च्या सुमारास किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये ‘द वेलर्स’नी ‘व्हाइट ख्रिसमस’ गायलं, तेही स्काच्या चालीत. त्यात विशीतला बॉब मार्ली होता. मूळ गाणं अर्व्हिंग बर्लिनचं, बिंग क्रॉसबीने १९४२ साली गाजवलेलं. संशोधक म्हणून तुम्ही या रेकॉर्डकडे कसं बघाल?

पहिला मोह होतो तो खाने पाडायचा. एक तर ही अमेरिकेची नक्कल, नाहीतर वसाहतवादाला दिलेलं उत्तर. (थिअरीची चार पुस्तकं वाचली की दुसरा खाना फारच आवडायला लागतो!) थांबा, आधी गाणं ऐका. स्कामध्ये जोर मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या मधल्या जागेवर पडतो. ‘एक-आणि-दोन-आणि’ मोजत टाळी ‘आणि’वर द्या, लगेच कळेल. आता शब्दांकडे या. मूळ गायकाला पूर्वीसारखाच नाताळ हवा असतो. वेलर्स तिथे एक शब्द बदलतात आणि मागणं उलटं होतं, पूर्वीसारखा नको. ट्रेंचटाऊनच्या पोरांनी बर्फ पाहिलाच नव्हता, म्हणून हे नुसतं खरं बोलणं असेल. किंवा पूर्वीचे नाताळ काही बरे नव्हते, असंही त्यात वाचता येतं. दोन्ही वाचनं मांडा, घाईने एक खोडू नका.

पूर्वीचे नाताळ म्हणजे काय, तेही बघा. मळ्यांवरच्या गुलामांना वर्षात मोजक्या सुट्या मिळत, त्यातली मोठी नाताळची. तेव्हा मुखवटे घालून ‘जोनकनू’ नाचत. १८३१च्या नाताळची सुटी संपताना, मजुरी मिळाल्याशिवाय काम नाही असं ठरवून सॅम शार्पच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. शार्प बाप्टिस्ट चर्चमधला डीकन होता. १८३२ साली त्याला फाशी दिलं. १८३३ला ब्रिटिश संसदेने गुलामगिरीविरोधी कायदा केला. म्हणजे नाताळ तिथे बाहेरून आला खरा, पण १९६५पर्यंत तो चांगलाच मुरलेला होता. आजही नाताळात तिथे सॉरेल पितात, आलं घालून. ते सॉरेल म्हणजे आपली लाल अंबाडीच!

१९७८पर्यंत चित्र बदललेलं असतं. स्काचं रेगे झालेलं, आणि जेकब मिलर ‘नॅटी ख्रिसमस’ काढतो. मिलर रास्ताफारी. अनेक रास्ता २५ डिसेंबर मानत नाहीत, काही जण इथिओपियाप्रमाणे ७ जानेवारी पाळतात. तरी हा पठ्ठ्या तीच जुनी कॅरोल्स घेतो आणि त्यांत गांजा नि रास्ता बोली भरतो. इथे ‘नक्कल’ म्हणताच येत नाही. पण ‘प्रतिकार’ म्हटलं तर त्यातली मस्करी हातातून निसटते.

याच्या शेजारी कार्लीन डेव्हिसचं गाणं ठेवून ऐका. सांताक्लॉज कधी घेट्टोत येतो का, असं ती त्यालाच विचारते. माझं प्रकरण मी तिथूनच सुरू करणार आहे, वेलर्सपासून नाही.