दुर्भाटची उतरण आणि जुव्याचा बांध

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मजकडे लेखाची मागणी केली, ती श्रींच्या स्थलांतराविषयी काही लिहावे या अपेक्षेने. तो विषय माझ्याहून अधिकारी मंडळींनी पूर्वीच लिहिलेला आहे, आणि आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून तो आपण सर्वांनी ऐकलेला आहे. मी जे लिहीत आहे ते देवळाच्या प्राकाराबाहेरचे आहे. पण फार दूरचे नाही.

माझी सारी नोकरी जमिनीच्या नोंदी उतरविण्यात गेली. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर गोव्यात नवी मोजणी झाली आणि एक-चौदाचा उतारा अस्तित्वात आला. त्या उताऱ्यात जमिनीसाठी रकाने आहेत : जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड, आणि ज्या जमिनीत काहीच पिकत नाही तिच्यासाठी पोटखराबा. दुर्भाटच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेलगत झुडपांनी भरलेली एक उतरण आहे. तिचा आकडा मी माझ्या हाताने पोटखराब्याच्या रकान्यात लिहिला. त्यात चूक काहीच नव्हती. तेथे खरोखरच काही पिकत नसे.

पुढे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ वाचण्यात आला आणि १६८३ च्या नोव्हेंबर महिन्यात त्या परिसरात काय घडले ते कळले. विजरई फ्रान्सिस्कु द ताव्होरा, कोंद द आल्व्होर, याने त्या वर्षी छत्रपती संभाजी महाराजांच्या ताब्यातील फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. फौज दुर्भाटच्या बाजूने आली, तोफा लागल्या, तट ढासळू लागला. किल्ल्यात वृद्ध येसाजी कंक आणि त्यांचे पुत्र कृष्णाजी थोड्या लोकांनिशी लढत होते. कृष्णाजी पुढे त्याच जखमांनी गेले. किल्ला पडण्याच्या बेतात असताना महाराज स्वतः कुमक घेऊन आले. दुर्भाटशी असलेला आपला मार्ग तुटणार हे विजरईच्या ध्यानात आले आणि १० नोव्हेंबरला त्याने माघारीचा हुकूम दिला. ही माघार सुखाची झाली नाही. खाडीजवळच्या टेकडीवरून मराठ्यांनी परतणाऱ्या फौजेवर घाला घातला, तिची दाणादाण उडाली आणि खुद्द विजरई कसाबसा वाचला.

विजरईला त्या दिवशी यश आले असते तर काय झाले असते, हे सांगणे इतिहासकाराचे काम नव्हे आणि कारकुनाचे तर नव्हेच. तरीही महाजन म्हणून एक गोष्ट मनात येते. तिसवाडी, साष्टी आणि बार्देशातून निघालेले आपले देव त्या वेळी याच अंत्रुजात विसावले होते. गोव्यातील धर्मसभेचा अंमल तेव्हा पूर्ण जोरात होता. फोंडा पोर्तुगीजांकडे आले ते १७६३ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी, आणि तेव्हा नव्या प्रजेच्या धर्मास व रीतिरिवाजांस हात लावणार नाही असे वचन त्यांनी दिले होते. त्या ऐंशी वर्षांचे मोल आपल्याइतके कोणास कळावे?

आता ही उतरण पाहा. मोटारीने दुर्भाटला जाताना चढउतार जाणवत नाही. डांबराने तो पुसला आहे. पायी गेले की कळते. तोफा, जखमी आणि घाबरलेली माणसे घेऊन उतरणारी फौज, समोर पाणी, आणि डोईवर टेकडी. अशा ठिकाणी वरच्याची संख्या मोजावी लागत नाही. पुस्तकात चार ओळींत येणारी ही गोष्ट पायांना क्षणात समजते. उतरण कापून सपाट केली की मात्र उरते ते एक वाक्य : येथे लढाई झाली. का आणि कशी, हे सांगणारा साक्षीदार नाहीसा झालेला असतो.

जुव्याचे म्हणजे सांत इस्तेव्हांवचे उदाहरण याहूनही बोलके आहे. दुर्भाटनंतर पंधरवडाही झाला नव्हता. २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीची वेळ साधून मराठे पाण्यातून बेटावर चढले आणि टेकडीवरचा किल्ला त्यांनी घेतला. राजधानीला, आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो त्या शहराला, तोफेचा आवाज ऐकू जावा इतक्या अंतरावर हे घडले. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः बेटावर उतरला; त्याच्या हाताला गोळी लागली आणि त्याची माणसे खाजनातून, चिखलातून पळाली. पुढे विजरईने बॉम जेझूत जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीशी आपला राजदंड ठेवला, ही हकिगत पोर्तुगीज बाजूचीच आहे. मराठी परंपरेत याच मोहिमेतील दुसरी आठवण सांगतात : भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळ चिटणिसांनी त्यांना वाचविले. दोन्ही कथांत नायक निराळे आहेत, पण पाणी एकच आहे. १६८४ च्या आरंभी शाह आलमची मोगल फौज रामघाटाने खाली उतरली नसती तर या कथेचा शेवट कदाचित वेगळा झाला असता.

म्हणजे जुव्याची लढाई ही ओहोटीची, बांधाची आणि खाजनाची लढाई आहे. किल्ल्याचे चार दगड जपून ती जपली जाणार नाही. बांध, मानस, पोय आणि भरतीओहोटीचा खेळ चालू आहे तोवर ती रणभूमी आहे. हा खेळ कोणत्याही खात्याने चालविलेला नाही. गावकऱ्यांनी, भाटकारांनी आणि कुळांनी तो शतकानुशतके चालविला. जुव्याच्या लोकांना आजही भेंडीवरून ओळखतात. ती भेंडी पिकविणाऱ्या हातांनी इतिहासाचे जेवढे रक्षण केले आहे तेवढे आमच्यासारख्या वाचणाऱ्यांनी केलेले नाही. बांध फुटला आणि कोणी बुजविला नाही, तर खारे पाणी आत शिरते, काही वर्षांत कांदळवन माजते, आणि मग तेथे शेत होते हेही नव्या पिढीस सांगावे लागते. गोव्यातील सुमारे १८ हजार हेक्टर खाजनांपैकी पुष्कळ ठिकाणी हे झाले आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण दिले गेले, ते पर्यावरणाच्या दृष्टीने. त्यामुळे जुव्याच्या रणभूमीला जे काही संरक्षण आहे ते भाताच्या आणि माशांच्या आडून आलेले आहे. असो, आडून का होईना, आले.

येथे माझ्या शाळेची एक आठवण सांगतो. लिसेवमध्ये आम्हास पोर्तुगालचा इतिहास बारकाव्याने शिकवीत. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोता येथे राजा जुआंव पहिला आणि नूनु आल्व्हारिश परेरा यांनी थोड्या सैन्यानिशी कास्तीलच्या मोठ्या फौजेचा पराभव कसा केला, ते आम्हाला तोंडपाठ असे. दुर्भाटच्या धक्क्यावरून गलबते पाहत वाढलेल्या आमच्या वर्गातल्या मुलांना दुर्भाटला काय झाले याचा एक शब्दही कोणी सांगितला नाही. तक्रार म्हणून हे लिहीत नाही; राज्यकर्ता आपल्या पराभवाचे धडे छापीत नसतो. पण अल्जुबारोतापासून शिकण्यासारखे आहे, आणि ते लिसेवने शिकविलेल्यापेक्षा वेगळे आहे. विजयाचे स्मारक म्हणून तेथे बाताल्याचा भव्य मठ उभा राहिला. नूनु आल्व्हारिशचे निशाण जेथे होते तेथे १३९३ मध्ये लहानसे प्रार्थनामंदिर झाले. लोक पाचशे वर्षे ते पाहत आले. पण लहान सैन्याने मोठ्याला कसे अडविले याचा पुरावा मठात नव्हता. तो १९५८ नंतरच्या उत्खननात शेजारच्या मातीतून निघाला : शत्रूचे घोडे अडविण्यासाठी खणलेले चर आणि शेकडो खड्डे. माती बऱ्याच अंशी जागच्या जागी होती म्हणूनच ते मिळाले. २०१० मध्ये पोर्तुगालने ते मैदानच राष्ट्रीय स्मारक ठरविले.

याच्या उलट वॉटर्लू. १८१५ च्या त्या लढाईच्या स्मरणार्थ तेथे सिंहाचा प्रचंड टेकाड रचला, आणि त्यासाठी लागणारी माती रणांगणावरच्याच उंचवट्याची काढली. ज्या उंचवट्याच्या आडोशाने लढाई जिंकली तोच उंचवटा स्मारकात गेला! बेल्जियमला पुढे १९१४ मध्ये खास कायदा करून तेथील बांधकामाला आळा घालावा लागला.

आपल्याकडे स्मारकाची हौस दांडगी आहे. पानिपतचे दुःख प्रत्येक मराठी घरात आहे. १४ जानेवारी १७६१ ची ती आघाडी काही मैल पसरलेली होती. आज तिच्यावरून रुंद महामार्ग जातो आणि कापडाच्या गिरण्यांचे शहर पसरले आहे. काला अंब येथील मूळ आंबा केव्हाच वठला. तेथे विटांचा स्तंभ आहे, हरियाणा शासनाने १९८१ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने राखलेली बाग आहे, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तेथे भव्य स्मारक उभारण्याचे ठरविले आहे. ते अवश्य व्हावे. मात्र वास्तुविशारदाने पहिली कुदळ मारण्यापूर्वी वॉटर्लूचा टेकाड एकदा पाहून यावा. ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांची कवायती फौज दिल्लीजवळ पटपडगंजला इंग्रजांशी लढली आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. एका अर्थी नशीबच म्हणावयाचे. गोल्फ नसता तर तेथे इमारत असती.

कायदा काय म्हणतो तेही सांगणे भाग आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने आणि त्याच्या २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि पुढील २०० मीटरांवर नियंत्रण आहे. गोव्याचा स्वतःचा कायदा १९७८ चा आहे. या कायद्यांचा भर वास्तू, गुहा, शिलालेख, थडगी यांवर आहे. लढाई ही वास्तू नव्हे. ‘पुरातत्त्वीय स्थळ’ अशी दुसरी व्याख्या कायद्यात आहे आणि तीत अवशेष असण्याचा संभव असलेली मोकळी जमीन बसू शकते. दार अगदीच बंद नाही, पण ते ठोठावण्यास कोणी जात नाही. फर्मागुढीला पुतळा आहे, तटबुरूज आहेत, सहली येतात. दुर्भाटच्या उतरणीवर साधा दगडही नाही. दुसरीकडे १९७४ च्या नगर नियोजन कायद्यात २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनी एकेका भूखंडाचा विभाग सुटा बदलण्याची वाट करून दिली. त्यांवरून गोव्यात मोठा गदारोळ झाला, तो सर्वांच्या स्मरणात आहे.

त्या उतरणीचा वरचा अर्धा भाग आता उरलेला नाही. तेथे तांबडी दरड दिसते आणि पावसात तिचे पाणी वाटेवर येते. खालचा अर्धा आपल्यापैकीच एका घराण्याचा आहे. नाव लिहीत नाही. गेल्या चवथीला मी त्यांच्या घरी गेलो, चहा झाला, आणि मी विषय काढला. यजमान माझ्याहून वयाने लहान. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आत जाऊन जुना उतारा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. “बाब, हे अक्षर तुमचेच ना? तेथे काही नाही असे तुम्हीच लिहिले आहे. मी ते काहीच नाही विकतो आहे. मुलीची फी भरावयाची आहे.”

मला उत्तर सुचले नाही. अक्षर माझेच होते.

तेव्हापासून मी जे करू शकतो ते केले आहे. त्या जागेची हकिगत एका कागदावर तारखांनिशी लिहून महाजन मंडळाच्या चिटणिसांकडे दिली आहे. मंडळाने तो खालचा तुकडा रास्त किमतीस घ्यावा, त्यावर बांधू नये, काही उभारूही नये, झुडपे असतील तशी राहू द्यावीत आणि वाट पायी जाण्याजोगी ठेवावी, अशी माझी विनंती आहे. १९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे अशा व्यवहारास सभेचा ठराव लागतो, मामलेदारांकडे कागद जातात, आणि त्यात महिने जातात, हे मला इतरांपेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणूनच हा लेख सर्व महाजनांच्या हाती पडणाऱ्या स्मरणिकेत लिहिला. ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी मला कळवावे. सकाळी लवकर निघाल्यास ऊन होण्याआधी धक्क्यापर्यंत उतरून परत येता येते, आणि त्याच दिवशी ओहोटी सोयीची असेल तर कुंभारजुव्यावरून जुव्यालाही जाता येईल.

यजमानांनी जत्रेपर्यंत थांबण्याचे कबूल केले आहे. तोवर गिऱ्हाइकाला होकार देणार नाही, असे त्यांनी मला दारापर्यंत पोहोचविताना सांगितले.