इतिहासाची एम.ए. आणि मोडीचा उंबरठा

मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणाऱ्या तिघा थोरांपैकी एकाजवळही इतिहासाची एम.ए. नव्हती. राजवाडे बी.ए., रियासतकार सरदेसाई बी.ए., आणि जदुनाथ सरकार यांनी 1892 साली एम.ए. केले ते इंग्रजी विषयात. पदवी नसल्याने त्यांचे काही अडले नाही. लिपी येत नसती तर मात्र सारेच अडले असते. सरकार बंगाली, पण मराठी साधनांशिवाय औरंगजेब पुरा होत नाही हे उमगताच ते मराठीकडे वळले आणि सरदेसायांचे आयुष्यभराचे स्नेही झाले.

आज चित्र नेमके उलटे आहे. आमच्या महाविद्यालयांतून इतिहासात एम.ए. करणारी मुले हुशार आहेत. त्यांतली पुष्कळशी स्पर्धा परीक्षेच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून हा विषय घेतात, त्यात गैर काही नाही. परंतु पेशवाईवर प्रश्नपत्रिका सोडवून प्रथम वर्ग मिळवणाऱ्याने पेशवाईतला एकही मूळ कागद वाचलेला नसावा, ही गोष्ट आम्हा मराठीच्या अध्यापकांना खुपते. संस्कृतचा एम.ए. देवनागरी न येता झाला, असे कोणी ऐकले आहे काय?

मोडी अवघड आहे, हे खरे. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही, लेखणी उचलायची नाही. पण खरी मेख पुढेच असते. पत्राच्या अखेरीस 'इहिदे सितैन मया व अलफ' असे असते. शब्द अरबी, आकडे एककाकडून वर चढणारे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. हा सुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष पालटते, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पत्र मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे असेल तर त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचे असेल तर 600. म्हणजे पानिपतचा जानेवारी 1761 याच सालात पडतो. हा हिशेब चुकला की पत्र वर्षभर मागेपुढे सरकते, आणि लढाईनंतरचा सल्ला लढाईपूर्वीचा ठरतो!

राजवाड्यांनी 1898 साली साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपतापर्यंतच्या अशाच पत्रांचा. छापील बाळबोध खंड हाताशी असताना मोडी कशाला, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. सरदेसायांनी 1930 नंतरच्या चारेक वर्षांत पेशवे दफ्तरातून 45 खंड सिद्ध केले. त्या कामापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ती निवड होती. निवडणाऱ्याची नजर मुख्यतः राजकारणावर, स्वाऱ्यांवर आणि घराण्यांवर होती. गावचा वसूल, दुष्काळातली सूट, कुळंबिणीची खरेदी, कारखान्यातल्या घोड्यांचा दाणा यांचे हिशेब बहुतांशी रुमालांतच बांधलेले राहिले. आजच्या विद्यार्थ्याला सामाजिक इतिहास लिहायचा आहे, आणि त्याचा विषय नेमका त्या न सोडलेल्या गाठीत आहे.