आंजर्ल्याचे पाणी आणि रहाट

पूर्वीच्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. डोंगरातील पाणी खापरी नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरविण्याची ही १८ व्या शतकातील योजना कौतुकास्पद होय. ती पाहून साहजिकच मनात येते की, एवढा पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर पाणचक्कीने मूळ का धरले नाही?

कारण पाण्याच्या स्वभावात आहे. दापोली तालुक्यात वर्षास साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, परंतु तो बहुतेक सारा चार महिन्यांत. पावसाळ्यात दगडगोटे घेऊन धावणारा पऱ्ह्या उन्हाळ्यात बहुधा आटतो. शिवाय भातखाऊ प्रदेशास दळणापेक्षा कांडणाची गरज अधिक, आणि ते काम घरोघरच्या स्त्रियांनी उखळ-मुसळावर उपसले. पऱ्ह्याचा उपयोग झाला तो निराळा. पाऊस सरताच दगडमातीचा बांध घालून पाणी पाटाने वायंगणी भातास न्यावयाचे. पहिल्या पावसात बांध वाहून गेला की पुढील साली पुन्हा घालावयाचा.

जोग नदीच्या मुखाशी वसलेल्या आंजर्ल्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना मात्र आधार विहिरींचा. येथे पाण्याने चाक फिरविले नाही, चाकाने पाणी वर आणले. रेडा किंवा बैल आडवे चाक ओढी, त्यात गुंतलेले उभे चाक फिरे, दोराच्या माळेवरील मातीचे लोटे भरून वर येत, पन्हळीत रिते होत आणि पाणी पाटाने झाडांच्या आळ्यांत जाई. सुताराने चाक घडविले, कुंभाराने फुटल्या लोट्यांच्या जागी नवे दिले, गड्याने पहाटेपासून जनावर हाकले. माझ्या पाहण्यातील कुलवृत्तांतांत वाडीच्या मालकाची वंशावळ सात-आठ पिढ्यांची सापडते. शिंपणे करणाऱ्याचे नाव येत नाही. ही उणीव मला बोचते.

पुढे इंजिन आले, मग विजेचा पंप. श्रम वाचले हे उत्तमच झाले. रहाटाच्या कुरकुरीचे गोडवे गाणाऱ्यांनी तो क्वचितच हाकलेला असतो. परंतु समुद्रकाठी भूगर्भातील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. रहाट थोडेथोडे उपसतो, तोवर झरे विहीर भरून काढतात. पंपाने एकदम तळ गाठला तर खालचे खारे पाणी वर चढते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळात या किनाऱ्यावरील असंख्य माड-पोफळी आडव्या झाल्या. नव्या पोफळीस फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात, आणि तेवढे सर्व उन्हाळे तिला पाणी द्यावयाचे ते याच विहिरींतून.