येळवशीचे ताट आणि अँटिऑक्सिडंट

मार्गशीर्ष अमावास्येला बीदर शहरालगतच्या नौबाद परिसरातील शेतकरी कुटुंबे शेतात जेवतात. मराठी भाषक या सणाला वेळ अमावास्या किंवा येळवस म्हणतात, तर कन्नड भाषक एळ्ळ अमावास्या. लातूरपासून कलबुर्गीपर्यंत या दिवशीचा बेत जवळपास सारखाच असतो. तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे, मेथी, कांद्याची व लसणाची पात, गाजर आणि चिंच घालून शिजवलेली भज्जी (ही तळलेली भजी नव्हे), ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा उंडे आणि ताकातले आंबील. ज्या अँटिऑक्सिडंटच्या नावाने आज महागड्या गोळ्या विकल्या जातात, ती या ताटात सहज मिळतात.

अन्नापासून ऊर्जा तयार होताना शरीरात काही अस्थिर रेणू निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन एकटा असल्याने ते शेजारच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पेशींचे आवरण, प्रथिने व डीएनए यांना इजा करतात. तंबाखूचा धूर, प्रदूषण आणि अतिनील किरणे यांमुळे त्यांची संख्या वाढते. त्यांना स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. क आणि ई ही जीवनसत्त्वे, कॅरोटिनॉइडे व पॉलिफिनॉले हे त्यांतील प्रमुख गट होत. मुक्त मूलके सर्वस्वी घातक मात्र नाहीत. जंतूंचा नाश करण्यासाठी पांढऱ्या पेशी त्यांचाच वापर करतात. म्हणून महत्त्व समतोलाला आहे.

सीमाभागातील रोजच्या आहारात हे सर्व गट आढळतात. ज्वारीच्या कोंड्यात फेरुलिक आम्लासारखी पॉलिफिनॉले असतात. म्हणून भाकरीचे पीठ फार बारीक चाळू नये. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कलबुर्गीच्या तुरीची पॉलिफिनॉले मुख्यतः सालीत असतात. डाळ करताना साल निघून जाते, ओले दाणे मात्र सालीसकट खाल्ले जातात. कांद्यात क्वेरसेटिन असते. मेथी व गाजर बीटा-कॅरोटीन देतात. या भागात परंपरेने वापरले जाणारे करडईचे तेल ई जीवनसत्त्वाने समृद्ध आहे. पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्यास त्याचे ऑक्सिडीभवन होते. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅमची गरज असते.

हीच द्रव्ये गोळीत भरून घेतल्यास अधिक लाभ होईल, ही समजूत चाचण्यांत टिकली नाही. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व एकत्र देणारी अमेरिकेतील चाचणी अशाच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजरात बीटा-कॅरोटीनसोबत तंतू, खनिजे आणि इतर अनेक वनस्पतिद्रव्ये असतात. गोळीत एकच द्रव्य मोठ्या मात्रेत असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी अशा गोळ्यांपासून दूर राहावे आणि कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. तंबाखूने होणारी हानी कोणत्याही भाजीने भरून निघत नाही, हेही तितकेच खरे.

स्वयंपाकाची पद्धतही महत्त्वाची आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि शिजवलेले पाणी फेकू नये. याउलट गाजर-मेथीतील कॅरोटीन शिजवल्याने आणि थोड्या तेलामुळे अधिक शोषले जाते. हळदीतील कर्क्युमिन मुळातच कमी शोषले जाते. मिरीमुळे ते वाढते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास त्यातील पॉलिफिनॉले लोहाचे शोषण रोखतात. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी चहा तासभर उशिरा घ्यावा आणि वरणावर लिंबू पिळावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. येळवशीला ताटात पडणाऱ्या भाज्यांचा हिशेब या आकड्याच्या बराच जवळ जातो. सण वर्षातून एकदा येतो. भाज्यांची गरज मात्र रोजची आहे.