मेलेल्या शैवालानं माझं काय बिघडवलं?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी शैवालाचं एक कल्चर उकळून मारलं आणि कॅडमियमच्या द्रावणात टाकलं. हा माझा कंट्रोल. मेलेली पेशी काय घेणार? दोन तासांनी मोजलं, तर तिनं जिवंत पेशींपेक्षा थोडं जास्तच कॅडमियम उचललं होतं. लेबलं बदलली असतील म्हणून तीनदा केलं. उत्तर तेच. सिनॉप्सिसमध्ये 'शैवाल धातू शोषतं' असं ठोकून लिहिलं होतं, आणि त्या 'शोषतं'चा अर्थच मला ठाऊक नव्हता. जुने पेपर वाचले असते तर सहा महिने वाचले असते.

तर आधी कॉर्नवॉलला जाऊ, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला. तिथल्या जुन्या खाणींचं पाणी कार्नन नदीतून रेस्ट्रॉन्गेट खाडीत उतरतं. प्लिमथच्या प्रयोगशाळेतल्या ब्रायन आणि हमरस्टोन यांनी १९७३ मध्ये या भागातल्या खाड्यांमधलं फ्यूकस हे तपकिरी शैवाल तपासून धातूंचं प्रदूषण मोजायची वाट दाखवली. पाण्याचा नमुना फक्त त्या घटकेचं सांगतो. पाऊस पडला, भरती आली की आकडा बदलतो. शैवाल मात्र महिनोन्‌महिने त्याच खडकाला चिकटून धातू साठवत राहतं. खाडीचं पासबुकच म्हणा ना! इथे शैवाल जिवंत आहे, वाढतंय, हे गृहीतच होतं.

दुसरा धागा रसायनशास्त्रातला. तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट असतं. नॉर्वेच्या आर्ने हाऊग यांनी १९६१ मध्ये दाखवलं की शिसं, तांबं, कॅडमियम यांना अल्जिनेट कॅल्शियमपेक्षा घट्ट धरतं. कारण साधं आहे: अल्जिनेटच्या साखळीवर ऋणभारित कार्बोक्झिल गट असतात, त्यांच्यावर बसलेल्या कॅल्शियमला हुसकावून जड धातू जागा पटकावतो. याला पेशी जिवंत असायची गरजच नाही! उलट उकळल्यावर पेशी फुटते आणि आतल्या जागाही मोकळ्या होतात. माझा 'फसलेला' कंट्रोल हेच ओरडून सांगत होता.

हे दोन धागे बराच काळ वेगवेगळ्या जर्नल्समध्ये पडून होते. मग कॅनडात मॅकगिल विद्यापीठात व्होलेस्की यांच्या गटानं मेलेल्या शैवालालाच माल मानलं. त्यांच्या १९९३ च्या पेपरात ॲस्कोफिलमच्या एका ग्रॅम कोरड्या भुकटीनं १०० मिलिग्रॅमहून जास्त कॅडमियम धरलं. त्यानंतर या विषयावर पेपरांचा पूर आला, सांडपाण्याचे प्रत्यक्ष प्लांट मात्र फारच थोडे. (याचं उत्तर अजून कुणी नीट लिहिलेलं नाही असं मला वाटतं. विषय शोधत असाल तर बघा.)

मग जिवंत पेशी वेगळं काय करते? १९८५ मध्ये झेंक यांच्या गटाला वनस्पतींत फायटोकेलॅटिन सापडलं, आणि १९८८ मध्ये शैवालातही. आत शिरलेल्या कॅडमियमला ही गंधकयुक्त पेप्टाइडं बांधून ठेवतात. म्हणजे भिंतीवर चिकटणं हे अधिशोषण, ते मिनिटांत होतं. आत जाऊन साठणं हे वेगळं, ते सावकाश होतं.

आता मी प्रत्येक नमुना ईडीटीएनं धुते. जे सुटून येतं ते भिंतीवरचं, उरतं ते आतलं. दोन आकडे, दोन कॉलम. सिनॉप्सिस पुन्हा लिहायला घेतलाय. गाईडनी 'शोषतं'खाली लाल रेघ मारून ठेवली होतीच.